संगणकाच्या प्रकल्पाला कागद कशाला?

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका शाळेत नववीच्या मुलामुलींनी किल्लारीच्या भूकंपावर मल्टिमीडिया प्रकल्प करायला घेतला. नकाशा, जुने फोटो, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज, थोडे ॲनिमेशन असे सगळे त्यात येणार होते. पण पहिले पंधरा दिवस कुणी संगणकाला हात लावला नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीला आडवी सुतळी बांधली होती आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी वहीची पाने अडकवली होती. मी तिथे असताना एका पालकाने विचारले, "कॉम्प्युटरचा प्रकल्प हाय म्हणता, मग ही पानं कशाला टांगलीत?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर बरेच मागे जाते, आणि त्यातला काही भाग मराठवाड्यातच सापडतो.

आधी दोन शब्द नीट वेगळे करू, कारण शाळांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. स्टोरीबोर्ड सांगतो की आधी काय दिसणार आणि नंतर काय. त्यात चौकटींची रांग असते, प्रत्येक चौकटीत कच्चे चित्र आणि खाली आवाजाची, मजकुराची नोंद. मॉकअप सांगतो की एकाच पडद्यावर कोणती गोष्ट कुठे बसणार: शीर्षक कुठे, फोटो केवढा, बटण कोणत्या कोपऱ्यात. पायाचे खोदकाम सुरू होण्याआधी गवंडी दोरी लावून जमिनीवर फक्की मारतो. मग घरधनीण त्या पांढऱ्या रेघांच्या आत उभी राहून म्हणते, चूल इकडे नको, धूर ओसरीवर येईल. फक्की पुसून पुन्हा मारायला दोन मिनिटे लागतात, बांधलेली भिंत पाडायला दोन दिवस. मॉकअपचे सगळे काम एवढेच आहे.

वेरुळच्या कैलास लेण्यात, सोळा क्रमांकाच्या लेण्यात, मंडपाच्या दक्षिण बाजूच्या भिंतीवर रामायण आणि उत्तर बाजूच्या भिंतीवर महाभारत कोरलेले आहे. प्रसंग एकाखाली एक अशा आडव्या पट्ट्यांत मांडले आहेत. पट्टी संपली की नजर पुढच्या पट्टीवर जाते. आठव्या शतकातल्या, राष्ट्रकूट काळातल्या या भिंतीसमोर एखाद्या मुलाला उभे केले, तर स्टोरीबोर्डची व्याख्या शिकवावी लागत नाही. आणि हे सगळे देऊळ एका अखंड कातळातून वरून खाली कोरत आणले आहे. चुकून छिन्नीने उडवलेला दगड परत लावता येत नाही, म्हणून शिखर कोरायला घेतानाच खालच्या खांबांचा हिशेब झालेला असणार.

अजिंठ्याचा मार्ग वेगळा आहे, आणि मल्टिमीडिया करणाऱ्यांसाठी मला तो जास्त मोलाचा वाटतो. तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन आधी रेखाटन करत आणि मग रंग भरत. पण जातककथा सांगताना चित्रकारांनी पुष्कळदा काळाचा क्रम बाजूला ठेवला. राजवाड्यात घडलेले प्रसंग एकत्र, अरण्यातले एकत्र, मग ते कथेत मागेपुढे का असेनात. पाहणाऱ्याला भिंतीवर पुढे-मागे फिरून कथा जुळवावी लागते. नकाशावर बोट ठेवून त्या जागेची हकीकत उघडायची, ही आजच्या परस्परसंवादी प्रकल्पाची रीत याच जातीची आहे. म्हणजे वेरुळच्या पट्ट्या 'आधी-नंतर' शिकवतात आणि अजिंठ्याच्या भिंती 'कुठे' शिकवतात. दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यात आहेत. सहली दोन्हीकडे जातात, पण मुलांना बहुधा राजांची नावे आणि सनावळ्याच लिहून घ्यायला लावतात, याचे मला फार वाईट वाटते.

सुट्या चित्रांची परंपराही आपल्याकडे आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. पुढे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगत. या चित्रांची एक शैली तर पैठणच्याच नावाने ओळखली जाते. एका आख्यानाच्या चित्रांची गड्डी म्हणजे पोथी. चित्र, शब्द आणि सूर एकाच वेळी प्रेक्षकांपुढे येत, आणि कोणते चित्र किती वेळ धरायचे हे सांगणाऱ्याच्या हातात असे.

'स्टोरीबोर्ड' हा शब्द मात्र अमेरिकेतल्या ॲनिमेशनच्या धंद्यातून आला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत चित्रकार प्रसंगांची रेखाटने कागदावर काढून फळ्यावर टाचण्यांनी लावू लागले. वेब स्मिथ या कलाकाराला त्याचे श्रेय दिले जाते, आणि १९३३चा 'थ्री लिटल पिग्ज' हा पूर्ण स्टोरीबोर्डवर बेतलेला पहिल्या काही चित्रपटांपैकी एक मानतात. कारण पैशाचे होते. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी धावतात, म्हणजे मिनिटाला १,४४०. प्रसंग कंटाळवाणा आहे हे त्या सगळ्या रंगवून झाल्यावर कळले, तर कित्येक दिवसांची मजुरी पाण्यात. टाचणी काढून कागद बदलायला काहीच लागत नाही. भारतात सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'साठी दृश्यामागून दृश्य रेखाटून ठेवले होते. निर्मात्यांना कथा समजावून सांगायला तीच वही त्यांनी वापरली. चित्रपट १९५५ साली पडद्यावर आला.

मॉकअपची गोष्ट निराळी आहे आणि ती आपल्या शाळांना जास्त जवळची वाटावी. १९८१मध्ये स्कँडिनेव्हियात 'युटोपिया' नावाचा प्रकल्प सुरू झाला. वृत्तपत्रांच्या छपाईत संगणक येऊ घातले होते, आणि ते कसे असावेत हे ठरवण्यात छपाई कामगारांचाही हात असावा, असा त्यामागचा आग्रह होता. हवी तशी यंत्रे तेव्हा हाताशी नव्हती. मग लाकूड, कागद आणि पुठ्ठ्याची खोकी मांडली. एका खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असे लिहिले आणि कामगार त्याच्यापुढे बसून खरे काम चालल्यासारखे वागू लागले. काय अडते, हात कुठे पोचत नाही, कोणती पायरी राहून गेली, हे पुठ्ठ्यापुढेच कळले. यंत्र नसतानाही यंत्राचा विचार करता येतो, याचा इतका नेमका दाखला मला दुसरा माहीत नाही. १९८७मध्ये ॲपलचे हायपरकार्ड हे सॉफ्टवेअर आले. त्यात प्रत्येक पडदा म्हणजे एक पत्ता, म्हणजे कार्ड, आणि पत्त्यावरून पत्त्यावर उडी मारायला बटणे. साहजिकच आखणीही कागदी पत्त्यांवर होऊ लागली. पत्ते जमिनीवर पसरायचे आणि कोणते बटण कुठे नेते ते दोऱ्याने नाहीतर बाणाने जोडायचे.

आपल्या शाळांत यातले फारसे काही पोचले नाही. केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून १९८४-८५मध्ये निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. पुण्यात त्याच सुमारास बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. असे कार्यक्रम बनवणारे संहिता दोन रकान्यांत लिहितात, डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. मुलांनी कार्यक्रम पाहिला, ते रकाने पाहिले नाहीत. पुढे २००१मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत संगणक नेला. त्याच काळात शाळांतला 'प्रकल्प' मात्र स्टेशनरीच्या दुकानात विकत मिळणारी तयार वही आणि तिच्यात डकवायची छापील चित्रे एवढ्यावर आला होता. त्या सवयीला संगणक जोडला गेला, तेव्हा वहीच्या जागी तयार स्लाइड आली. विषय कोणताही असो, आत मजकूर उतरवायचा आणि शब्द फिरत फिरत यायला लावायचे.

खरे तर कागदाची गरज इथेच सर्वांत जास्त होती. ते भारनियमनाचे दिवस होते. प्रयोगशाळेतल्या चार संगणकांपुढे साठ मुले, आणि तासाला वीज असेलच असे नाही. मराठी टंकांचा, म्हणजे फाँटचा, घोळ वेगळाच. युनिकोड ही सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत रुळण्याआधी एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांच्या जागी चौकोन आणि चिन्हे दिसत. मजकूर कागदी चौकटींत लिहिलेला असला, तर निदान तो हरवत नसे. एका प्रदर्शनाच्या सकाळी मुलींचा महिनाभराचा मजकूर असाच गेलेला मी पाहिला आहे. त्यांच्याकडे कागद नव्हता.

किल्लारीच्या प्रकल्पात तो होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराची वेळ, आदल्या रात्रीचे गणेश विसर्जन. मुलांनी पहिली चौकट कोसळलेल्या घरांची काढली होती. सुतळीवर सगळी पाने एका ओळीत दिसल्यावर एक मुलगा म्हणाला, आधी माळवदाचे घर उभे दाखवू, नाहीतर काय पडले हे कळणार कसे? मग दुसरे पान तयार झाले: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, लाकडी सर, वर मातीचे जड छत. इतकी माणसे का दगावली याचे कारण त्या एका चित्रात आले. मृतदेहांचे फोटो घ्यायचे नाहीत हेही त्याच भिंतीपुढे ठरले, कारण एका मुलीच्या घरची तीन माणसे त्यात गेली होती आणि ती पाने रोज तिच्या डोळ्यांसमोर होती.

मॉकअप पुठ्ठ्याचा होता. मध्ये जुन्या गावाचा हाताने काढलेला नकाशा, उजवीकडे तीन रंगीत बटणे: घरे, माणसे, पुनर्वसन. तो एका आजीपुढे ठेवला. आजींनी बटणांकडे पाहिलेही नाही. बोट थेट नकाशावर, वेशीच्या आतल्या एका बोळात टेकवून म्हणाल्या, "हितं व्हता आमचा वाडा. हितं दाबल्यावर दिसंल का?" मुलांनी त्याच संध्याकाळी तिन्ही बटणे कात्रीने कापून टाकली आणि नकाशावरच्या घरांना क्रमांक दिले.

दिवाळीनंतर गटातली एक मुलगी आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. आजींचा आवाज रेकॉर्ड करायचे काम तिचे होते. सुतळीवरच्या अकराव्या पानाखाली तिने जाताना पेन्सिलीने लिहून ठेवले होते: 'वाड्याच्या दाराबद्दल विचारायचं राहिलं.' मार्चअखेरीस ती परतली तेव्हा पान तिथेच होते. ती ते काढून घेऊन आजींकडे गेली.