पोर्टा केबिनच्या खिडक्या बदलणे (नागपूर)

पत्र्याच्या किंवा सँडविच पॅनेलच्या (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या), उचलून दुसरीकडे नेता येणाऱ्या केबिनची जुनी खिडकी काढून नवी बसवण्याचे काम. अमेरिकेत ‘मोबाइल होम’ हा राहत्या घरांचाच एक मोठा प्रकार आहे. १५ जून १९७६ पासून तेथील केंद्रीय गृहनिर्माण खात्याचे बांधणी-नियम त्यांना लागू आहेत. नागपुरात तशा वसाहती नाहीत. इथे बुटीबोरी, हिंगणा, मिहान या भागांत साइट ऑफिस, चौकीदाराची खोली, कामगारांची निवारा-केबिन आणि अलीकडे शेतावरचे कंटेनर-घर, एवढाच हा पसारा. खिडकी फॅब्रिकेटर मापाबरहुकूम करून देतो, त्यामुळे माप जुळण्याची चिंता नसते. चिंता उन्हाची.

२३ मे २०१३ रोजी शहराचे तापमान ४७.९ अंशांवर गेले होते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पत्र्याच्या केबिनमध्ये बसणे शक्य होते ते कूलरमुळे, आणि कूलर बसतो खिडकीत. म्हणून खिडकी बदलण्याआधी केबिनमध्ये कूलर राहणार की एसी येणार, हे ठरवावे लागते. कूलर बाहेरची हवा वाळ्याच्या ताट्यांतून आत ढकलतो. तेवढीच हवा समोरच्या बाजूने बाहेर पडली नाही, तर आत नुसता दमटपणा साचतो. दोन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, हे बहुतेक जण खिडकी बसल्यावर मोजतात. कूलरसमोर पूर्ण उघडणारी, कब्ज्यांची (बिजागरीची) खिडकी बरी. कूलरचे वजनही पॅनेलवर टाकू नये: ६० लिटर पाणी म्हणजेच ६० किलो, त्यामुळे स्टँडचे पाय जमिनीवर हवेत. एसीचे गणित उलटे आहे. तिथे फटी बुजवायच्या असतात, आणि कूलरची जुनी पोकळी प्लायवूड ठोकून बंद केली, तर मृगाच्या पहिल्या सरीतच पाणी आत येते.

काच किती जाड, यावर बरीच चर्चा होते. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून पत्र्याचा छज्जा किंवा हिरवी जाळी लावण्याचा उपयोग त्याहून जास्त. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते.

प्रत्यक्ष कामात भोकाची रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरतात, कर्णही ताडून पाहतात. चौकट त्याहून थोडी लहान करतात. यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) चौकट उन्हात ॲल्युमिनियमपेक्षा जास्त प्रसरण पावते, तिला जागा थोडी अधिक सोडावी. पॅनेलचा आतला फोम नुसता उघडा ठेवून त्यातच स्क्रू मारणे हा सर्रास दिसणारा आळस आहे. भोकाच्या कडेने पत्र्याचा चॅनेल बसवून चौकट त्याला रिवेट करावी. कंटेनरच्या नागमोडी भिंतीत आधी लोखंडी चौकट वेल्ड करावी लागते आणि कापलेल्या कडेला त्याच दिवशी प्राइमर हवा. फटी बुजवायचे सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचे घ्यावे, कारण व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन जस्ताचा मुलामा खाते. खालच्या ट्रॅकची पाणी जाण्याची भोके मात्र सिलिकॉनने बुजवायची नसतात.

चोरीच्या भीतीने प्रत्येक खिडकीला पक्की लोखंडी जाळी मारली जाते. ज्या केबिनमध्ये माणसे झोपतात आणि दार एकच असते, तिथे हे धोक्याचे आहे. पॅनेलमधला थर्माकोल पेट घेतो. अमेरिकी नियमांत झोपण्याच्या खोलीतून बाहेर पडता येईल अशी खिडकी सक्तीची आहे. इथेही निदान एक जाळी आतून उघडणारी असावी.

केबिन हायड्रा क्रेनने उचलली की सांगाडा किंचित पिळतो. खिडक्या बंद करून, कडी लावूनच ती ट्रेलरवर चढवतात. नव्या जागी सरकते तावदान अडकू लागले, तर खिडकी तासण्याआधी केबिनखालचे ठोकळे लेव्हलमध्ये आहेत का ते पाहावे.