उत्क्रांती आणि ईश्वरनिर्मिती : मराठवाड्यातील वाद

आजचे सजीव समान पूर्वजांपासून पिढ्यान्‌पिढ्या बदलत आले, की ईश्वराने प्राणी-वनस्पतींची प्रत्येक जात आज दिसते तशीच घडवली, या प्रश्नावरचा वाद. एका बाजूला जीवशास्त्राचा सर्वमान्य सिद्धांत आहे आणि दुसऱ्या बाजूला निरनिराळ्या धर्मांतल्या निर्मितीकथा. अमेरिकेत हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. मराठवाड्यात, म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत, तो कीर्तनात, शाळेच्या वर्गात, बुद्धविहारात आणि कपाशीच्या बांधावर भेटतो. पुष्कळदा तो वाद आहे हे लक्षातही येत नाही.

पार्श्वभूमी

आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलातील वंशावळ्यांचा हिशेब मांडून जगाची निर्मिती इ. स. पू. ४००४ मध्ये झाली असे ठरवले होते. १८०२ मध्ये विल्यम पेली यांनी घड्याळाचा दाखला दिला : घड्याळ आहे तर ते करणारा असलाच पाहिजे, मग डोळ्यासारख्या अवयवाला कर्ता कसा नसेल? या प्रश्नाला पहिले भक्कम उत्तर १८५८ मध्ये मिळाले. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे लेखन त्या वर्षी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले आणि पुढच्याच वर्षी डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकाच जातीच्या जीवांत जन्मतः थोडेथोडे फरक असतात, ते पुढच्या पिढीत उतरतात आणि ज्यांचे फरक त्या परिस्थितीत उपयोगी पडतात त्यांची पिल्ले अधिक जगतात. ही नैसर्गिक निवड लक्षावधी पिढ्या चालली की रचना घडते, त्यासाठी कर्ता गृहीत धरावा लागत नाही.

अमेरिकेत १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन गावात उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांत निर्मितीवाद शिकवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या खटल्यात ‘बुद्धिमान रचना’, म्हणजे सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्याने केली हे मत, निर्मितीवादाचेच नवे रूप असल्याचा निकाल लागला. कॅथलिक चर्चने मात्र जुळवून घेतले. उत्क्रांती ही आता निव्वळ अटकळ राहिलेली नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये मान्य केले.

मराठवाड्यातील सृष्टिविचार

या भागातल्या संतपरंपरेने सृष्टीच्या उत्पत्तीवर बराच विचार केला आहे. अंबाजोगाईला ज्यांची समाधी दाखवली जाते त्या मुकुंदराजांनी वेदान्ताच्या अंगाने मराठीत सृष्टिक्रम मांडला. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधात पंचमहाभूतांपासून जगाचा विस्तार सांगितला आहे आणि जारज (गर्भातून जन्मणारे), अंडज (अंड्यातून), स्वेदज (घामातून) आणि उद्भिज्ज (जमीन फोडून येणारे) अशा चार खाणींत सजीवांची वाटणी केली आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात आजही ऐकू येते ते याच परंपरेतले : चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून नरदेह मिळाला, तो वाया घालवू नका.

या चौकटीत पृथ्वीच्या वयावरून भांडण होण्याचे कारण नव्हते. पुराणांच्या गणनेत ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा असतो. त्यामुळे ‘जग सहा हजार वर्षांचे’ हा पाश्चात्त्य निर्मितीवाद्यांचा हट्ट इथे रुजलाच नाही. वेरूळची ३४ लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थर आहे, हे सांगितल्यावर इथला भाविक दुखावला जात नाही. त्याच वेरुळात एक ते बारा क्रमांकांची बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि तीस ते चौतीस जैन लेणी आहेत. त्यांपैकी बौद्ध आणि जैन मतांना जगाचा कर्ता मान्य नाही. कर्त्यावाचूनचे जग ही कल्पना या भूमीला परकी नाही, आणि डार्विनला ‘पाश्चात्त्य आक्रमण’ म्हणून झटकणाऱ्यांना हे सांगितलेच पाहिजे.

खरी अडचण माणसाच्या जागेची आहे. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या कल्पनेत एक जीव अनेक देहांतून प्रवास करतो, योनी मात्र आपापल्या जागी ठरलेल्या असतात. उत्क्रांतीत याच्या उलट घडते. जीव जन्मतो आणि मरतो, बदलते ती जात. शिवाय तिच्यात नरदेह हे शेवटचे ठाणे नसते. दोन्ही विचार प्राण्यांशी माणसाचे नाते जोडतात म्हणून ते एकच आहेत असे कुणी सांगू लागले, तर ती दोघांचीही फसगत आहे.

दशावताराचेही तसेच. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या क्रमात उत्क्रांती आधीच सांगितली आहे, हा युक्तिवाद एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञालाही हे साम्य नोंदवावेसे वाटले. पण मत्स्यापासून कूर्म जन्मला असे कोणतेही पुराण सांगत नाही. अवतार धर्मरक्षणासाठी होतात आणि अवतारकार्य संपले की संपतात. त्यांत वंश नाही, आनुवंशिकता नाही, निवड नाही. व्याख्यानात टाळ्या मिळवणारी ही तुलना भक्तीचा अर्थही हरवते आणि विज्ञानाचाही.

मुस्लिम समाजात आदमच्या निर्मितीवरची श्रद्धा मध्यवर्ती आहे. इतर सजीवांची उत्क्रांती मान्य करून माणसाला अपवाद ठेवणारे मत इस्लामी विचारवंतांत आढळते, तसेच सगळीच उत्क्रांती नाकारणारेही आढळते.

बौद्ध समाजाची भूमिका सर्वांत स्पष्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनाच्या त्या परिसरातून मराठवाड्यातील दलित तरुणांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वर हा जगाचा कर्ता असल्याचे मत मुळातून खोडले आणि जग निर्माण केलेले नसून ते विकसित झाले आहे असे मांडले. धर्म मानणारे सगळे लोक उत्क्रांतीच्या विरोधात असतात, ही समजूत निदान इथे टिकत नाही.

जानेवारी २०१८

या वादात मराठवाड्याचे नाव देशभर गाजले ते जानेवारी २०१८ मध्ये. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे सांगितले, की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी किंवा कुणीही पाहिल्याचे लिहून ठेवलेले नाही, म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून याचा प्रतिवाद केला. उत्क्रांती अभ्यासक्रमातून काढणे किंवा तिला अवैज्ञानिक कथांची जोड देणे हे मागे नेणारे पाऊल ठरेल, असे त्यांनी बजावले. ज्येष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधाने टाळण्यास सांगितले.

त्या विधानातल्या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. माकडाचा माणूस झाला असे जीवशास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तो या दोहोंपैकी कुणासारखाच नव्हता. चिंपांझीच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसाच्या २३. माणसाचे दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जोडून झालेले एक, आणि त्या सांध्याच्या खुणा आजही तिथे वाचता येतात. दुसरी गोष्ट ‘कुणी पाहिले?’ या प्रश्नाची. त्याचे उत्तर ज्या शहरात तो विचारला गेला त्याच्या आसपासच्या शेतांत होते, तेही अवघ्या दोन-तीन महिन्यांपूर्वीचे.

गुलाबी बोंडअळी

२०१७ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली. राज्य सरकारला मदत जाहीर करावी लागली. ही अळी शेतात आधी ओळखू येते ती डोमकळीवरून. फूल उमलत नाही. अळीने पाकळ्या आतून धाग्यांनी बांधून टाकलेल्या असतात आणि फूल गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहते. ते उकलले की आत परागांत तोंड खुपसलेली बारीक अळी सापडते. पुढच्या पिढीतली अळी बोंडात शिरते आणि शिरल्याचे छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते. फोडल्यावर आत किडलेली सरकी आणि पिवळट, चिकटलेला कापूस.

बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात मातीतल्या एका जिवाणूचे क्राय१एसी हे अळीला मारक प्रथिन बनवणारे जनुक घातले होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे बीजी-२ आले. पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी बोंडअळी २०१० पर्यंत गुजरातेत नोंदली गेली आणि २०१७ येईतो बीजी-२ चीही मात्रा चालेनाशी झाली. शेतकरी म्हणतात, अळीला बीटीची सवय झाली. बोलायला ते ठीक आहे, पण एकाही अळीला सवय झालेली नव्हती. क्राय१एसीचेच पाहा. त्याने अळीच्या आतड्यातल्या कॅडेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटावे लागते, तरच ती मरते. ज्या मोजक्या अळ्यांत कॅडेरिनच्या जनुकात आधीच बिघाड होता त्या वाचल्या, बाकीच्या मेल्या. वाचलेल्यांचीच प्रजा पुढे वाढली. डार्विन-वॉलेस यांनी सांगितलेली नैसर्गिक निवड ती हीच, फक्त लक्षावधी वर्षांऐवजी पंधरा हंगामांत.

यावरचा उपायही उत्क्रांतीच्या गणितातूनच काढलेला होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील आणि त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुगतील, हा हेतू होता. बहुतेकांनी ती पुडी लावली नाही. उत्पन्न देणाऱ्या जागेत अळीसाठी पीक कोण लावणार, ही त्यांची अडचण खरी होती आणि कारण नीट समजावून सांगण्यात यंत्रणा कमी पडली. त्यात फरदड आली. पाण्याची सोय असलेल्यांनी कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली आणि अळीला जवळजवळ वर्षभर खाद्य मिळाले. वेळेवर पऱ्हाटी काढा, फरदड घेऊ नका, मादीच्या गंधाने नर पतंगांना पकडणारे कामगंध सापळे लावा, हे कृषी विद्यापीठांचे सल्ले किडीवर पडणाऱ्या निवडीच्या दाबाचा विचार करूनच दिलेले असतात.

निर्मितीवाद्यांचे यावर ठरलेले उत्तर असते : अळी शेवटी अळीच राहिली ना? पंधरा वर्षांत त्याहून अधिक अपेक्षित नाही. मोठ्या बदलांचा पुरावा खडकांत आणि डीएनएत आहे. जमिनीवर चालणाऱ्या सस्तन प्राण्यांपासून देवमासे कसे झाले, हे दाखवणारे जीवाश्म कच्छमध्ये सापडले आहेत. खुद्द मराठवाड्यात मांजरा नदीच्या खोऱ्यात हत्ती आणि रानटी गुरांची प्राचीन हाडे मिळाली आहेत. ती त्या मानाने अगदी अलीकडची, हिमयुगाच्या काळातली, पण इथले प्राणिजीवन कायम आजच्यासारखे नव्हते हे सांगायला पुरेशी आहेत.

शिक्षण

निजामाच्या राज्यात, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, उच्च शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवत. मराठीतून विज्ञान गावापर्यंत पोचायला इथे पश्चिम महाराष्ट्रापेक्षा उशीर झाला.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१-अ नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. तरीही २०२३ मध्ये एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले. हा निर्णय गंभीर होता, कारण दहावीनंतर बहुतेक मुले जीवशास्त्राला पुन्हा हात लावत नाहीत. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात (भाग २, २०१८) मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे. मराठी शाळांतल्या मुलांना तो मिळाला ही मोलाची गोष्ट आहे.

नीटच्या तयारीसाठी लातूरला येणारी मुले जनुकाच्या प्रमाणावरून पिढीतल्या जोड्यांचा हिशेब मांडणारे हार्डी-वाइनबर्ग समीकरण घोटून पाठ करतात. त्यांतली पुष्कळ मुले कापूस पिकवणाऱ्या घरांतली असतात आणि त्यांना ते बोंडअळीवरून शिकवता येईल. प्रतिकाराचे जनुक हजारात एक असेल, तर दोन्ही बाजूंनी ते मिळालेली अळी दहा लाखांत एक निघते. एकाच बाजूने मिळालेल्या अळ्या हजारात दोन असतात, पण हा प्रतिकार मुख्यतः अप्रभावी, म्हणजे जनुक दोन्ही बाजूंनी मिळाले तरच दिसणारा, असल्याने बीटीच्या झाडावर त्या मरतात. ती दहा लाखांतली एक वाचते. कडेला बिगर-बीटीची ओळ असेल तर तिचा पतंग साध्या पतंगाशी जुगतो आणि त्यांची प्रजा बीटीवर पुन्हा मरते. ती ओळ नसेल तर तिला जोडीदार मिळतो तो तिच्यासारखाच वाचलेला, आणि त्या जोडीची सगळी प्रजा प्रतिकारक निघते.