थांबलेली हवा, उबदार घर

हीटर चालू असतो, खोलीतला तापमापक २० अंश सेल्सिअस दाखवत असतो, तरीही बाहेरच्या भिंतीशेजारी बसलं की थंडी वाजते. तापमापक चुकत नाही. तो फक्त हवेचं तापमान सांगतो. आपलं शरीर मात्र अवरक्त किरणांच्या रूपात सतत उष्णता बाहेर टाकत असतं, आणि आजूबाजूचे पृष्ठभागही आपल्याकडे उष्णता पाठवत असतात. भिंत गार असली की तिच्याकडून येणारी उष्णता कमी पडते आणि अंगातून जाणारी वरचढ ठरते. म्हणून हिवाळ्यात नुसती हवा तापवून भागत नाही, भिंतही गार पडू द्यायची नसते.

ती किती गार पडते ते बघू. बाहेर ० अंश, आत २० अंश आणि मध्ये २३ सेंटिमीटर जाडीची विटांची भिंत. अशा भिंतीच्या १० चौरस मीटर भागातून साधारण ४०० वॅट उष्णता बाहेर जाते आणि भिंतीचा आतला पृष्ठभाग जेमतेम १५ अंशांवर राहतो. एवढी जाडजूड भिंत असून ही गत, कारण वीट उष्णता बऱ्यापैकी वाहून नेते. स्थिर हवा तिच्या तुलनेत सुमारे २८ पटींनी मंद वाहक आहे.

मग दोन भिंतींमध्ये नुसती पोकळी सोडली तर? थोडा फायदा होतो, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी. पोकळीतली हवा स्थिर राहतच नाही. उबदार बाजूची हवा हलकी होऊन वर चढते, गार बाजूची खाली उतरते आणि हे चक्र उष्णता इकडून तिकडे पोहोचवत राहतं. शिवाय किरणांना पोकळी अडवत नाही. त्यामुळे १० सेंटिमीटरची रिकामी पोकळी २-३ सेंटिमीटरच्या पोकळीपेक्षा फारशी सरस ठरत नाही. हवा उत्तम रोधक आहे खरी, पण ती थांबलेली असेल तरच.

ग्लासवूल, थर्मोकोल, लाकडाचा भुसा, मेंढीची लोकर हे सगळे पदार्थ नेमकं हेच काम करतात. ग्लासवूलच्या पट्टीत बहुतांश हवाच असते. काचेचे तंतू फक्त तिला लहान लहान कप्प्यांत अडकवून ठेवतात. रजईतला कापूस करतो तेच. म्हणूनच १० सेंटिमीटरची पट्टी ५ सेंटिमीटरच्या जागेत दाबून बसवणं हे नुकसानच आहे, कारण दाबून बाहेर काढली ती हवाच तर कामाची होती.

आपल्या भिंतीला ५ सेंटिमीटर ग्लासवूल लावलं तर ४०० वॅटचा आकडा सुमारे ११५ वर येतो आणि आतला पृष्ठभाग १८ अंशांच्या वर जातो. हाच परिणाम विटांनी साधायचा तर आणखी जवळजवळ ९० सेंटिमीटर बांधकाम लागेल! पुढच्या ५ सेंटिमीटरने आकडा ६७ होतो, त्यापुढच्या पाचांनी ४७. पहिला थर सर्वांत मोलाचा. नंतरचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा कमी वाचवतो. त्यामुळे एका भिंतीला जाडच जाड थर आणि छत उघडं, असं करण्यापेक्षा सगळीकडे बेताचा थर देणं मला शहाणपणाचं वाटतं.

त्याहीआधी फटी बुजवाव्यात. तापलेली हवा वर चढून छताजवळच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घ्यायला दाराखालून, चौकटींच्या कडेने गार हवा आत ओढली जाते. वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती चौकटीभोवती फिरवली की धुराची रेघ कुठे हलते त्यावरून फट सापडते. जर्मनीतल्या डार्मश्टाट इथे १९९१ मध्ये पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ उभं राहिलं, त्यातही जाड रोधक थराइतकंच महत्त्व हवाबंदपणाला होतं. अशा घराला वर्षभरात दर चौरस मीटरमागे फक्त १५ युनिटच्या आसपास उष्णता पुरवावी लागते. मात्र तिथे ताजी हवा यंत्राने आत घेतली जाते आणि बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता तिला दिली जाते. ही सोय नसताना घर घट्ट बंद करून आत शेगडी पेटवणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ओलीकडे तर सर्वाधिक लक्ष हवं. २० अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ साधारण ९ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. रोधक थर आतल्या बाजूने लावला की त्यामागची वीट पूर्वीपेक्षा गार होते, कारण खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोहोचत नाही. जोडांमधून वाफ तिथवर गेली तर थर आतून भिजतो. पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेतं, म्हणजे भिजलेला थर जवळपास निकामी होतो आणि वर बुरशी धरते ती वेगळीच. यासाठी वाफ अडवणारा पडदा थराच्या उबदार बाजूला, म्हणजे खोलीकडे, सलग लावावा लागतो. जमत असेल तर थर भिंतीच्या बाहेरूनच द्यावा. मग वीट उबदार राहते आणि हा धोका बराच टळतो.

खिडकी सर्वांत दुबळी. एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग वरच्याच परिस्थितीत ५ अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून सकाळी तिच्यावर पाणी दिसतं. दुहेरी काचेत दीडेक सेंटिमीटरची फट ठेवून हवेपेक्षाही मंद वाहक असलेला आरगॉन वायू भरतात. आतल्या एका काचेवर चांदीचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप दिला की खोलीतले अवरक्त किरण माघारी वळतात. एवढा खर्च जमत नसेल तर रात्री जाड पडदा चौकटीला चिकटून सोडावा. त्याने काच आणखी गार होऊन तिच्यावर पाणी जास्त साठेल. ते सकाळी पुसून घ्यावं, नाहीतर लाकडी चौकट कुजते.