प्रज्ञाशोध, ऑलिम्पियाड आणि १९७६ चा निर्णय

शाळकरी मुलांच्या विज्ञान-गणिताच्या ऑलिम्पियाड परीक्षा आता तालुक्याच्या गावीही माहीत झाल्या आहेत. त्यांच्यामागे सरकारी पैसा, संशोधन संस्थांच्या प्रयोगशाळा आणि रविवारची सुट्टी घालवून राबणारे शिक्षक अशी तिहेरी भागीदारी आहे. हुशार हेरलेल्या मुलांनी मूलभूत विज्ञानच शिकावे का, या जुन्या वादाच्या सावलीत ती वाढली.

हुशार शाळकरी मुले हेरून शिष्यवृत्ती देणारी विज्ञान प्रज्ञाशोध योजना १९६३ मध्ये दिल्लीपुरती सुरू झाली. शिष्यवृत्त्या फक्त १०. पुढच्याच वर्षी ती देशभर गेली आणि संख्या ३५० झाली. निवडीसाठी अभियोग्यता चाचणी, विज्ञानावरचा निबंध, प्रकल्पाचा अहवाल आणि मुलाखत. अट एकच, पण कडक: शिकायचे ते मूलभूत विज्ञानच, अगदी डॉक्टरेटपर्यंत.

१९७६ मध्ये ही अट गेली. निमित्त शिक्षणाच्या नव्या १०+२+३ आकृतिबंधाचे. योजनेच्या नावातून 'विज्ञान' वगळले, सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांना दार उघडले, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या. निर्णयाच्या बाजूचे म्हणतात, शाळकरी पोराला पुढच्या दहा वर्षांसाठी बांधून घेणे बरोबर नव्हे. शिवाय हुशारी काय फक्त विज्ञानातच असते? हे खोडून काढणे अवघड आहे. विरोधकांचे दुखणे असे की सरकारी पैशाने हेरलेली मुले अखेर डॉक्टर-इंजिनियरच होणार. या भांडणात दुसरा बदल झाकला गेला. निबंध आणि प्रकल्पाऐवजी दोन वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या. मुलाने स्वतः काय करून पाहिले, ते मुलाखतीत निघाले तर निघाले. देशभरातले प्रकल्प तपासायचे कुणी, ही अडचण खोटी नव्हती. तरी खरे नुकसान इथे झाले. अट गेल्याचे दुःख त्यामानाने किरकोळ.

प्रयोगाची बाजू सांभाळली ती शिक्षकांनी. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी १९८१ पासून चालवलेल्या बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखीनंतर प्रात्यक्षिक द्यावे लागते, कृतिसंशोधन प्रकल्पही करावा लागतो.

गणिताच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये भारत १९८९ पासून आहे आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईत झाली. भौतिकशास्त्राचा संघ १९९८ मध्ये गेला, रसायन १९९९ मध्ये, जीवशास्त्र २००० मध्ये. विज्ञान विषयांची पहिली फेरी नोव्हेंबरात अध्यापकांची संघटना घेते. निवडलेल्या मुलांचे उन्हाळी शिबिर मानखुर्दच्या विज्ञान शिक्षण केंद्रात भरते. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र स्पर्धेत पाच तासांची लेखी असते, तशीच पाच तासांची प्रयोगाची परीक्षाही असते. क्लासमध्ये तयार झालेला मुलगा सूत्र झटकन लिहितो. पण वाचने किती घ्यायची, आलेखाचा चढ कसा काढायचा, मोजमापातली त्रुटी किती धरायची, इथे त्याचा वेग मंदावतो. रसायनाची (२००१), जीवशास्त्राची (२००८) आणि भौतिकशास्त्राची (२०१५) आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईतच झाली.

१९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेने मूलभूत विज्ञानाची जुनी अट परत आणली. तिची परीक्षा सराव म्हणून देऊन, अभियांत्रिकीला प्रवेश मिळताच फेलोशिपवर पाणी सोडणारे पुष्कळ निघाले. ही योजना २०२२ मध्ये 'इन्स्पायर' या केंद्राच्या दुसऱ्या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन झाली. प्रज्ञाशोध तर त्याआधीच, २०२१ मध्ये, थांबवली गेली होती. ऑलिम्पियाडची नोव्हेंबरची फेरी चालू आहे. तिच्या निकालाला मात्र प्रज्ञाशोधसारखी शिष्यवृत्ती जोडलेली नाही.