घाणेरी, बांडगूळ आणि पाचोळ्याची आग

२०२४ च्या जूनमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना एक पत्र पाठवलं. देशातल्या ५४ व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात अजून ५९१ गावं आणि ६४,८०१ कुटुंबं आहेत, त्यांच्या पुनर्वसनाला वेग द्या, असा त्याचा आशय. अशी बातमी आली की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, माणूस बाहेर काढला की जंगल आपोआप सुधारतं. दुसऱ्याचं, आदिवासी जे करतो ते निसर्गाच्या भल्याचंच असतं. मला दोन्ही पटत नाहीत. जंगलात नेमकं काय घडतं, याची चौकशी दोघेही करत नाहीत. ती करायची तर कर्नाटकातल्या चामराजनगर जिल्ह्यात, बिळिगिरी रंगनच्या डोंगरात जायला हवं.

हे जंगल ५४० चौरस किलोमीटरचं. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, २०११ च्या जानेवारीत व्याघ्र प्रकल्प. तिथे सोलिगा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या वस्तीला पोडू म्हणतात. फिरती शेती, मध, आवळा, कंद यांवर त्यांचं जगणं चालायचं. थंडी सरता सरता ते जमिनीवरचा वाळका पाला पेटवून द्यायचे. तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात, म्हणजे पाचोळ्याची आग. अभयारण्य झाल्यावर फिरती शेती थांबली आणि आग लावणं गुन्हा ठरला. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३० याबाबत अगदी स्पष्ट आहे.

मग घाणेरी वाढली. टणटणी, रायमुनिया या नावांनीही आपण तिला ओळखतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेत शोभेसाठी आणलेलं हे अमेरिकेतलं झुडूप आज भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात घुसलं आहे. बिळिगिरीत संशोधकांनी १९९७ मध्ये पाहणी केली तेव्हा ४१ टक्के जागांवर घाणेरी सापडली. २००८ मध्ये तोच आकडा ८१ टक्के झाला. सोलिगा जाणत्यांना विचारलं तर ते म्हणतात, आग बंद केलीत म्हणून हे झालं.

कानाला हे उलटंच वाटतं. आगीने जंगल वाचतं? इथे थोडं पदार्थविज्ञान लागेल, आणि मला या विषयातला सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

जॉर्ज बायरम या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये वणव्याची तीव्रता मोजायचं एक साधं सूत्र मांडलं. तीन गोष्टींचा गुणाकार करायचा: एक किलो इंधनातली उष्णता, दर चौरस मीटरला जळणारं इंधन आणि आग पुढे सरकण्याचा वेग. वाळक्या पाल्यात किलोमागे साधारण १८,००० किलोज्यूल उष्णता असते. आता जानेवारीअखेरची पाचोळ्याची आग घ्या. चौरस मीटरला ३०० ग्रॅम पाला, वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. गुणाकार येतो ५४, म्हणजे आगीच्या आघाडीच्या प्रत्येक मीटरला ५४ किलोवॉट. बायरमच्याच दुसऱ्या समीकरणाने ज्वाळेची लांबी काढली तर ती अर्धा मीटर भरते.

आता एप्रिल. पाला काही वर्षं साठलेला, वर घाणेरीच्या वाळक्या काटक्यांची जाळी. चौरस मीटरला दीड किलो इंधन धरू, आणि वेग सेकंदाला १० सेंटिमीटर. इंधन पाचपट, वेग दहापट, तीव्रता ५० पट. २,७०० किलोवॉट. ज्वाळा जवळपास ३ मीटर. (आकडे नमुन्यादाखल मी निवडले आहेत, पण अशा आगी साधारण याच टप्प्यातल्या असतात.) ही घाणेरी झाडांवर चढते, म्हणून ती ज्वाळांना शिडी देते आणि जमिनीवरची आग शेंड्यापर्यंत पोचते.

हा फरक मी एकदा अंगावर अनुभवला आहे. मार्चमध्ये एका टेकडीवर वणवा विझवायला आम्ही सात-आठ जण गेलो होतो. गवत विरळ होतं तिथे हिरव्या फांद्यांनी झोडपत आग आटोक्यात आली, तोंडाला नुसता ओढणीचा पदर बांधून. पुढे घाणेरीची जाळी लागली. तडतड असा आवाज सुरू झाला आणि दहा पावलांवरून चेहरा भाजायला लागला. फांदी टाकून सगळे मागे पळालो.

वेळेचं महत्त्व ओलाव्यामुळे. थंडीच्या शेवटी पहाटे पाचोळ्याच्या खालच्या थरात हात घातला तर तो गार आणि दमट लागतो. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला २,२६० किलोज्यूल खर्ची पडतात. तेवढी उष्णता पाणी गिळतं, म्हणून आग रेंगाळते आणि ओल्या ओघळीशी येऊन विझते. एप्रिलमध्ये हा लगाम नसतो.

झाडाचं काय होतं? सालीखालचा जिवंत थर ६० अंश सेल्सियसच्या आसपास मरतो. पण साल उष्णतारोधक असते, आणि उष्णता आत झिरपायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साल दुप्पट जाड तर वेळ चौपट. त्यामुळे अर्ध्या मीटरची, पटकन पुढे सरकणारी ज्वाळा जाड सालीच्या मोठ्या झाडांना फारशी इजा करत नाही, पण घाणेरीचं वीतभर रोप, ज्याची साल कागदासारखी, ते जागीच संपतं. उलट चार-पाच वर्षांची घाणेरी वरून पूर्ण जळाली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि शेजारची झाडं मेल्यामुळे तिला ऊन जास्त मिळतं. म्हणजे ही वाट एकेरी आहे. आग थांबवल्यामुळे घाणेरी आली असेल, तरी आता पुन्हा आग लावून ती जाणार नाही. आज तिथे काडी ओढली तर ३ मीटरची ज्वाळाच मिळेल. सोलिगा स्वतः हे जाणतात.

घाणेरीच्या वाढीला आगबंदी हे एकच कारण आहे, असा दावा मी करणार नाही. ऊन, चराई, बांबूचं मरणं, सगळ्याचा वाटा असू शकतो. आणि एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ‘डोंगर जाळला की पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं’ या समजुतीपोटी आपल्या सह्याद्रीत दर उन्हाळ्यात जे वणवे लावले जातात, त्यांना या लेखाचा आधार घेऊ नका. ती उशिरातली, बेफाम आग असते. लावलेली रोपं, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सगळं त्यात जातं आणि पहिल्या पावसात उघडी माती वाहून जाते.

दुसरी गोष्ट आवळ्याची. आवळ्यावर बांडगूळ वाढतं. फुलटोच्यासारखे पक्षी त्याची फळं खातात, चिकट बी फांदीला पुसतात, ते रुजून फांदीचा रस शोषतं. फळ कमी होतं, शेवटी झाड वाळतं. सोलिगा आवळे काढायला झाडावर चढत तेव्हा कोयत्याने बांडगूळही छाटून टाकत. पुढच्या वर्षीचं फळ त्यांनाच हवं असायचं. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनंतर काही वर्षांतच विक्रीसाठी वनोपज गोळा करणं तिथे बंद झालं. झाडावर चढणारा माणूस थांबला, कोयता थांबला, बांडगूळ मात्र थांबलं नाही. संरक्षणाच्या हेतूनेच झाडाचा राखणदार काढून घेतला गेला, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

२ ऑक्टोबर २०११ रोजी वनहक्क कायद्याखाली सोलिगांच्या २५ ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, तेही व्याघ्र प्रकल्पाच्या आत. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला असे हक्क २००९ मध्येच मिळाले होते, पण वाघांच्या राखीव जंगलात ही मोठीच पायरी होती. या कायद्यात फक्त गोळा करण्याचा हक्क नाही, जंगल आणि वन्यजीव राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर आहे.

बिळिगिरीतल्या वाघांची संख्या २०१० मध्ये ३५ होती, २०१४ मध्ये ६८ झाली. ‘सोलिगांनी वाघ दुप्पट केले’ असं ठोकून सांगणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या जंगलांतून वाघ येतात, वाघ मोजायच्या कॅमेऱ्यांची संख्या बदलते, भक्ष्य बदलतं, त्यामुळे श्रेय असं वाटता येत नाही. एवढं मात्र सिद्ध होतं की हजारो माणसं आत राहत असताना वाघ वाढू शकतो.

आता घाणेरी काढायची कशी? वरून छाटली तर ती दाट फुटते. दिल्लीतल्या संशोधकांनी रुळवलेली रीत अशी: कुदळीने जमिनीखाली काही सेंटिमीटरवर, जिथून फुटवा येतो त्या भागाच्या खाली, मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळं वर येऊन वाळतात. काटक्यांपासून सोलिगा कारागीर खुर्च्या-टोपल्या विणतात. पण खरं काम त्यानंतरचं आहे. घाणेरीची फळं खाऊन बुलबुल बी टाकतात ते बसायच्या फांदीखालीच, म्हणून दर पावसाळ्यानंतर अशा प्रत्येक झाडाखाली जाऊन रोपं हाताने उपटावी लागतात, दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षीही. बुलबुल कुठल्या झाडावर बसतो हे पोडूतल्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरून मजुरीवर आलेल्या माणसाला ते कोणीतरी दाखवावं लागेल.