आको म्हणजे फक्त आसानो घराणे नव्हे

सत्तेचाळीस सामुराईंनी आपल्या धन्याचा सूड घेतला, ही जपानी हकिगत सांगताना दोन गोष्टी हमखास जोडल्या जातात: पश्चिम जपानमधील आको ही त्या धन्याच्या आसानो घराण्याची पिढीजात जहागीर होती आणि १७०१ मध्ये ते घराणे संपले. दोन्ही चूक.

आसानो तिथे आले १६४५ मध्ये. त्याआधी आको इकेदा घराण्याकडे होते. इकेदा तेरुओकी याने वेडाच्या भरात बायकोला ठार केले, म्हणून शोगुनने (जपानचा लष्करी सत्ताधीश) जहागीर काढून घेतली. ५३,५०० कोकूंची (कोकू हे उत्पन्न मोजायचे तांदळाचे माप) आको जहागीर मग आसानो नागानाओला मिळाली. आजचा किल्ला त्यानेच बांधला, मिठागरेही वाढवली. हे मोठे काम नातवाच्या नाट्यमय अंताखाली झाकले गेले, याचे वाईट वाटते.

तो नातू नागानोरी, म्हणजेच त्या सामुराईंचा धनी. १७०१ मध्ये एदोच्या (आजचे टोकियो) किल्ल्यात त्याने शोगुनचा दरबारी अधिकारी किरा योशिनाका याच्यावर तलवार उपसली आणि त्याच दिवशी त्याला सेप्पुकू (पोट चिरून आत्महत्या) करावे लागले. सामुराईंनी पुढे सूड घेतला तो याच किरावर. जहागीर जप्त झाली, पण घराणे बुडाले नाही. भाऊ नागाहिरो याला १७१० मध्ये ५०० कोकूंची जमीन देऊन शोगुनच्या थेट चाकरीत घेतले. हिरोशिमाची थोरली पाती तर ४ लाखांहून अधिक कोकूंची धनी म्हणून १८७१ पर्यंत टिकली.

आकोत पुढे काही वर्षे नागाई घराणे होते. १७०६ मध्ये मोरी घराणे आले. सोळाव्या शतकातला सरदार ओदा नोबुनागा याचा सेवक रानमारू याच्या भावाचे हे घराणे, चोशू या मोठ्या जहागिरीच्या मोरींशी त्याचा संबंध नाही. उत्पन्न अवघे २०,००० कोकू, तरी १८७१ मध्ये जहागिऱ्या रद्द होईपर्यंत, म्हणजे १६५ वर्षे, आको त्यांच्याकडेच होते. आसानोंची कारकीर्द ५६ वर्षांची.