डिस्चार्ज बुक आणि पीपीओतली चूक: दुरुस्ती कुठे करायची, अर्ज कसा, कागद कोणते

नवरा गेल्यावर कौटुंबिक निवृत्तिवेतन सुरू करायला आलेल्या बाईंना खिडकीवर विचारलं जातं, "पीपीओवर लक्ष्मीबाई लिहिलंय, आधारवर सुनंदा. तुम्ही त्याच कशावरून?" पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, निवृत्तिवेतन मंजूर केल्याचा आदेश. माजी सैनिकाच्या कागदांतली चूक बहुधा अशीच उघडी पडते. वीस-पंचवीस वर्षं ती कुणाला खुपत नाही आणि पैसे अडतात त्याच दिवशी नजरेस येते. मग धावपळ सुरू होते बँकेत, नाहीतर तहसील कचेरीत. यातल्या कुठेही ही दुरुस्ती होत नाही.

चूक दिसते डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी मिळणारी सेवेची पुस्तिका) किंवा पीपीओत, पण ती बसलेली असते रेकॉर्ड ऑफिसमधल्या, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतल्या, मूळ नोंदीत. तिथे बदल झाला की बाकीचे कागद एकामागून एक सुधारतात. तिथे झाला नाही, तर स्पर्श या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन पोर्टलवर कितीही वेळा विनंती टाका, पडताळणीच्या पायरीवर ती अडकून बसते.

पुढची माहिती मुख्यतः लष्करातून निवृत्त झालेले जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांच्यासाठी आहे. नौदलाच्या नाविकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात, हवाई दलाच्या एअरमनच्या दिल्लीत सुब्रोतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये. पत्ता वेगळा, रीत साधारण हीच.

चूक शिरते कुठून

भरती झाल्यावर जवानाचा शीट रोल उघडला जातो. हाच त्याच्या सेवेचा मूळ कागद. पुढे लग्न, मूल, बढती, पदक, दुखापत अशी कोणतीही घटना घडली की युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या घटनेचा अधिकृत नोंदआदेश, काढतं आणि ती नोंद शीट रोलमध्ये चढते. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुक याच नोंदींवरून भरलं जातं. निवृत्तिवेतनाचा प्रस्तावही यावरूनच तयार होऊन प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयात, म्हणजे संरक्षण लेखा विभागाच्या पेन्शन कचेरीत, जातो आणि तिथून पीपीओ निघतो. जुन्या पीपीओतली माहिती पुढे स्पर्शमध्ये आली, ती चुकांसकट.

म्हणजे सुट्टीत लग्न उरकून युनिटला परतलेल्या पोराने घाईत बायकोचं नाव सांगितलं, परप्रांतातल्या कारकुनाने ते कानाला जसं लागलं तसं इंग्रजीत लिहिलं, आणि तीच नोंद चाळीस वर्षांनी बँकेच्या खिडकीवर पोचली. आपल्याकडच्या नावांची तर यात फारच ओढाताण होते. आधी नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव हा आपला क्रम. रेकॉर्डला कधी आडनावच गळतं, कधी ते पहिलं येतं, कधी 'बाई' चिकटतं तर कधी 'देवी'.

आर्मी अ‍ॅक्ट, १९५० च्या कलम २३ नुसार सेवा संपताना सैनिकाला त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत प्रमाणपत्र मिळायला हवं. त्यात तीन गोष्टी असतात: सेवा कोणत्या अधिकाऱ्याच्या आदेशाने संपली, का संपली आणि एकूण सेवा किती झाली. या तिन्हींपैकी एकीतही फरक असेल तर तो किरकोळ समजून सोडून देऊ नका. पुढचे बरेच हक्क त्यावर ठरतात.

अर्ज कुणाकडे

ज्या रेजिमेंट किंवा कोअरमधून निवृत्त झालात, तिच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं कामठीला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (विद्युत व यांत्रिकी अभियंते) सिकंदराबादला. निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) दुसरी नोकरी केली असेल तर त्या सेवेचे कागद केरळात कन्नूरला असतात. दोन्ही सेवांचं निवृत्तिवेतन असणाऱ्याने दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करावा. एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोचेल या भरवशावर राहू नये.

अर्ज स्वतः सैनिकाने करायचा. तो हयात नसेल तर पत्नीने, दोघंही नसतील तर कौटुंबिक निवृत्तिवेतनाला पात्र असलेल्या वारसाने. टपालाने थेट पाठवता येतो, पण माझा सल्ला असा की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फतच पाठवा. तिथले कल्याण संघटक बहुधा स्वतःच माजी सैनिक असतात आणि कोणत्या रेकॉर्डला कोणता नमुना लागतो हे त्यांना ठाऊक असतं. याला पैसे लागत नाहीत. कचेरीबाहेर 'नाव बदलून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला हजारो रुपये देण्याचं काहीच कारण नाही.

काय बदलतं आणि काय बदलत नाही

स्पेलिंग, आडनाव, पत्नीचं नाव व जन्मतारीख, मुलांची नावं आणि जन्मतारखा, राहून गेलेलं अपत्य, डिस्चार्ज बुकात न चढलेलं पदक, कायमचा पत्ता ही सगळी नोंदींची दुरुस्ती. पुरावा असेल तर होते.

सैनिकाची स्वतःची जन्मतारीख मात्र वेगळी गोष्ट आहे. भरतीच्या वेळी नोंदलेली तारीख निवृत्तीनंतर बदलून मिळत नाही; बढती, सेवाकाळ, निवृत्ती हे सगळं तिच्यावर ठरलेलं असतं. तेव्हा आधारवर एक आणि पीपीओवर दुसरी तारीख असेल, तर पीपीओच्या मागे न लागता आधार पीपीओप्रमाणे करून घ्या. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं. तेव्हा सेवा केंद्रावर रांग लावण्याआधी पीपीओवरची तारीख आणि स्पेलिंग कागदावर उतरवून घ्या आणि पावती हातात आली की एकेक अक्षर ताडून पाहा. घाईत चुकीची तारीख पडली की ती निस्तरताना नाकी नऊ येतात.

आणि तिसरा प्रकार: डिस्चार्जचं कारणच चुकीचं आहे, चारित्र्याचा शेरा अन्यायाचा आहे, किंवा मेडिकल बोर्डाने अपंगत्व सेवेमुळे नाही असं ठरवलंय. ही लेखनिकाची चूक नसून अधिकाऱ्याचा निर्णय असतो. त्यासाठी साधा दुरुस्ती अर्ज चालत नाही, अपील करावं लागतं. पुष्कळ जण दोन्ही एकाच अर्जात लिहितात आणि मग साधी नावाची दुरुस्तीही त्यात रखडते. दोन कामं, दोन अर्ज.

पत्नीचं नाव: सगळ्यात जास्त अडकणारं प्रकरण

शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं सासरचं नवं नाव. मतदार यादीत तिसरंच, कारण नोंद करणाऱ्याला दिराने घरातलं लाडकं नाव सांगितलं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण बाहेरच्या राज्यातल्या अधिकाऱ्यापुढे 'सुनंदा' आणि 'लक्ष्मी' अशी दोन नावं आली की ही एक बाई की दोन, दुसरं लग्न तर नाही, ही शंका त्याला येणारच. तुमच्या कागदांनी ही शंका मिटवायची आहे. एवढं ध्यानात ठेवलं की कोणता कागद का मागतात ते आपोआप कळतं.

फरक एखाद्या अक्षराचा असेल, लक्ष्मीच्या इंग्रजी स्पेलिंगसारखा, तर प्रतिज्ञापत्र आणि आधार, पॅन यांच्या साक्षांकित प्रती साधारणपणे पुरतात. नावच पूर्ण वेगळं असेल तर पुढची तयारी ठेवा.

पती-पत्नीचं संयुक्त प्रतिज्ञापत्र, नोटरी किंवा प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यापुढे केलेलं. त्यात दोन्ही नावं, ती कुठल्या कुठल्या कागदावर आहेत ते, आणि 'ही एकाच व्यक्तीची नावं असून माझा हा एकच विवाह आहे' हे वाक्य स्पष्ट हवं. दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक मराठी आणि एक इंग्रजी; कात्रण न पाठवता तारीख दिसेल असं पूर्ण पान पाठवा. विवाह नोंदणीचा दाखला. तो नसेल तर आता काढता येतो: महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली जुन्या लग्नाचीही नोंद होते आणि गावात हे काम ग्रामपंचायतीत चालतं. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तो, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयाचा दाखला, आणि अलीकडे काढलेला जोडफोटो. काही रेकॉर्ड ऑफिसं राजपत्रातली प्रसिद्धीही मागतात. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा अर्ज ऑनलाइन होतो, पण रेकॉर्डने मागितल्याशिवाय त्या खर्चात पडू नका.

या सगळ्या कागदांवर नवं नाव अक्षरशः एकसारखं हवं. प्रतिज्ञापत्रात 'सुनंदा शिवाजी पाटील', जाहिरातीत 'सौ. सुनंदाबाई पाटील' असं झालं की गठ्ठा जसाच्या तसा परत येतो.

पत्नीच्या जन्मतारखेकडे लोक काणाडोळा करतात. वयाच्या ८० व्या वर्षापासून कौटुंबिक निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ती ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के होते. नोंदीत तारीखच नसेल किंवा बाई पाच वर्षांनी लहान दाखवली असेल, तर ही वाढ तितकी वर्षं लांबते. म्हणून नावाच्या अर्जाबरोबरच तारखेचाही पुरावा जोडा: जन्मदाखला, शाळेचा दाखला, पॅन, आधार. घरात कायमचं दिव्यांग अपत्य असेल तर त्याची नोंदही पीपीओत आईवडिलांच्या हयातीतच करून घ्या.

अर्जात काय लिहायचं

मोठी कहाणी नको. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरतीची व डिस्चार्जची तारीख, पीपीओ क्रमांक, मोबाइल क्रमांक. मग मुद्दा:

"माझ्या सेवा अभिलेखात व पीपीओत पत्नीचे नाव 'लक्ष्मीबाई' असे नोंदलेले आहे. ते 'सुनंदा शिवाजी पाटील' असे दुरुस्त करून पार्ट टू ऑर्डर प्रसिद्ध करावी व सुधारित पीपीओसाठी प्रकरण पीसीडीए, प्रयागराज यांच्याकडे पाठवावे, ही विनंती."

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवलेला बरा, कारण फाइल हाताळणाऱ्याला मराठी येईलच असं नाही. मराठी दाखल्यांचं भाषांतर जोडा. डिस्चार्ज बुकाची सगळी पानं आणि पीपीओ यांच्या प्रती लावा. मूळ डिस्चार्ज बुक मात्र रेकॉर्डने लेखी मागितल्याशिवाय पाठवू नका, आणि त्यात स्वतःच्या पेनाने एक काना-मात्राही दुरुस्त करू नका. खाडाखोड झालेलं बुक कॅन्टीन कार्डापासून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेपर्यंत सगळीकडे संशयाचं होतं.

दुरुस्ती मंजूर झाली की पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख मागून घ्या. त्यानंतर सुधारित पीपीओ निघतो, ज्याला सगळे 'कॉर पीपीओ' म्हणतात. तो आल्यावर स्पर्शच्या प्रोफाइलमध्ये बदल दिसतो का ते पाहा, मग बँक, ईसीएचएस आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातलं ओळखपत्र. संगणक जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटरवर स्पर्शचं काम होतं.

सैनिक हयात नसताना हेच काम जड जातं, कारण 'हीच माझी पत्नी' असं सांगणारा मुख्य साक्षीदार उरलेला नसतो. तेव्हा मृत्यूचा दाखला, पत्नीचं प्रतिज्ञापत्र, कुटुंबातल्या सर्वांचा तपशील देणारा किंड्रेड रोल आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याची पडताळणी यांवर भिस्त असते. जुनी आंतर्देशीय पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, युनिटमधल्या क्वार्टरचे कागद टाकून देऊ नका. दोन्ही नावं एकाच घरची आहेत हे दाखवायला त्यांचा उपयोग होतो.

उत्तरच येत नसेल तर

आधी आपल्याच नोंदीची प्रत मिळवा. रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये शुल्कासह माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शीट रोलमधली कुटुंबाची नोंद आणि आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली, एवढंच विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींचा दर पानाला २ रुपये. कित्येकदा या प्रतीतून कळतं की मूळ नोंद बरोबरच होती आणि चूक पीपीओ टाइप करताना झाली. मग जाहिरात, प्रतिज्ञापत्र काही लागत नाही.

पीपीओ किंवा रकमेचा घोळ असेल तर संरक्षण लेखा विभागाच्या 'रक्षा पेन्शन समाधान आयोजन' मेळाव्यात कागद घेऊन जा. आणि रेकॉर्डने लेखी नकार दिला, किंवा तुमच्या निवेदनावर सहा महिने काहीच कळवलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत, आणि उत्तरच नसेल तर ते वाट पाहण्याचे सहा महिने संपल्यापासून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी खंडपीठ मुंबईला आहे, आणि निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो. रेकॉर्ड जबलपूरला असलं तरी साताऱ्याच्या माणसाला जबलपूर गाठायची गरज नाही. या सगळ्यासाठी स्पीड पोस्टची पावती आणि पोच जपून ठेवलेली हवी. निवेदन कधी दिलं हे तिच्यावरूनच ठरतं.

निवृत्तिवेतन न मिळता सेवेतून बाहेर पडलेल्यांनी तर वेळ काढूच नये. त्यांचे सेवेचे कागद २५ वर्षं ठेवून नंतर नष्ट करतात आणि मागे उरते ती लाँग रोल नावाच्या यादीतली त्रोटक नोंद. ही मुदत उलटली असेल तर अर्जात लाँग रोलचा उतारा मागा आणि हातातलं डिस्चार्ज बुक पुरावा म्हणून जोडा.